सहा गळांचा हव्यास

पावसाळ्यानंतर नद्यांचे पाणी निवळू लागले की या मासिकाकडे येणाऱ्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत मांडलेली आढळते: शिंगटा किंवा शिवडा गळाला लागतो, काठी वाकते आणि मासा काठाशी येण्यापूर्वीच दोर तुटतो. भीमा, कृष्णा आणि गोदावरी या नद्यांच्या खोऱ्यांतील वाचक याचे खापर दोराच्या दर्जावर फोडतात; परंतु त्यांनीच लिहिलेली बांधणीची वर्णने वाचली असता दोष बहुधा दोराचा नसून बांधणीचाच असल्याचे दिसते.

दुकानांत तयार मिळणारी बांधणी म्हणजे तारेची स्प्रिंग, तिच्याभोवती लोंबणारे पाच-सहा गळ आणि खाली पक्के जखडलेले शिसे. स्प्रिंगमध्ये पिठाचा लगदा भरून रोहू-मृगळसारख्या, खाद्य शोषून घेणाऱ्या माशांसाठी ती वापरली जाते. तीच बांधणी कोंबडीची कलेजी किंवा माशाचा तुकडा टोचून कॅटफिश गटातील शिंगटा-शिवड्यासारख्या मिशाळ माशांसाठी टाकणे ही निव्वळ आळशी नक्कल आहे. शिवडा (वालागो अट्टू) आमिष चाखत बसत नाही, गिळतो. त्यामुळे एक गळ घशात, दुसरा कल्ल्यात आणि उरलेले तळाच्या कातळात, अशी अवस्था होते. दोर तुटल्यावर जखडलेले शिसे माशामागे फरफटत राहते व पुढच्या कपारीत अडकून त्याला तेथेच खिळवून ठेवते. आययूसीएनच्या लाल यादीत ही जात ‘असुरक्षित’ वर्गात असल्याचे ठाऊक असलेल्या मंडळींनी तरी हे करू नये.

योग्य बांधणी सरकत्या शिशाची असते. म्हणजे शिसे दोरावर मोकळे फिरते आणि मासा आमिष उचलून निघाला तरी त्याला वजनाचा झटका बसत नाही. शिशाखाली गाठीवर आघात होऊ नये म्हणून रबरी मणी, त्यानंतर दोराचा पीळ काढणारी फिरकी, म्हणजेच स्विव्हल, आणि तिला सुमारे 30 ते 45 सेंटिमीटर लांबीचा, 0.60 मिलिमीटर जाडीचा एकतंतू, म्हणजे मोनो, दोर व एकच गळ जोडावा. हा शेवटचा तुकडा जितका लांब, तितका गळ खोल गिळला जाण्याचा संभव अधिक. विणलेला दोर, म्हणजे ब्रेड, ताणाला बळकट असला तरी दख्खनच्या बेसॉल्टच्या धारेवर घासताच कापला जातो, म्हणून त्याच्या पुढे काही मीटर जाड मोनो जोडणे अपरिहार्य आहे. दोराच्या दर्जाविषयीच्या निम्म्या तक्रारी येथेच मिटतील. शिसे मुख्य दोरावर थेट न ओवता 0.25 मिलिमीटरच्या कमकुवत दोराच्या तुकड्याने सरकत्या कडीला लटकवले, तर कपारीत केवळ शिसे जाते, मासा नव्हे.

गळ वर्तुळाकार, म्हणजे टोक दांडीकडे वळलेला सर्कल गळ असावा. तो ओढ बसताच तोंडाच्या कोपऱ्यात सरकून रुततो, मात्र त्यासाठी काठीला हिसका देण्याची जुनी सवय सोडून दोर हळूहळू ताणावा लागतो, आणि आमिष इतके मोठे नसावे की टोक व दांडी यांमधली फट झाकली जाईल. हिसक्याची सवय सुटत नसल्यामुळेच अनेकांनी हा गळ निकामी ठरवला आहे!

तोंडाच्या कोपऱ्यात गळ अडकलेला मासा जिवंत सोडता येतो, पण कोणता सोडू नये या प्रश्नापाशी शासकीय कारभाराचा विनोद सुरू होतो. आफ्रिकन मांगूर या परदेशी माशाच्या संवर्धनावर केंद्र सरकारने 2000 साली बंदी घातली. त्याची तळी नष्ट करण्याचे आदेश आजही निघतात, परंतु तळ्यांतून नदीत उतरलेला हा मासा काठावरच्या गळकऱ्याला लागला तर त्याने काय करावे, याविषयी विचारणा करणाऱ्या वाचकांना एका कार्यालयातून दुसऱ्याकडे धाडण्यात आले आणि शेवटी लेखी अर्ज करण्यास सांगण्यात आले. मासा तोपर्यंत बादलीत पडून राहणार, ही बाब अर्जाच्या नमुन्यात बसत नसावी. दुसरीकडे सोडणे हेच पुण्य मानणारे काही हौशी हा मांगूर छायाचित्र काढून पुन्हा नदीत सोडतात, ही त्याहून मोठी चूक आहे. देशी जाती सोडाव्यात, आफ्रिकन मांगूर कदापि सोडू नये, आणि दोन्हींची ओळख पटत नसेल तर आधी ती शिकावी. देशी मांगुराच्या डोक्याच्या कवचाची मागची कड साधी, तर आफ्रिकनाची अणकुचीदार असते, एवढे पाहिले तरी पुष्कळ.

यापुढे दोर तुटल्याची तक्रार पाठवणाऱ्याने बांधणीचे रेखाटन सोबत जोडावे. ज्यांच्या पेटीत सहा गळांच्या स्प्रिंगा आहेत त्यांनी कॅटफिशसाठी त्या आजच बाजूला काढाव्यात, आणि त्या ‘कॅटफिश सेट’ म्हणून विकणाऱ्यांनी, या मासिकाच्या जाहिरातदारांसह, वेष्टनावरील ते नाव काढून टाकावे.