विश्लेषण : कारचा टायमिंग बेल्ट घरी बदलावा का?

मोबाइलवर व्हिडीओ पाहून इंजिन ऑइल, एअर फिल्टर, अगदी ब्रेक पॅडही पार्किंगमध्ये बदलणारे कारमालक आता नवे नाहीत. हे शिकण्यासारखेच आहे. मात्र पुढची पायरी म्हणून टायमिंग बेल्टला हात घालण्याआधी थांबायला हवे. हे काम अवघड आहे म्हणून नव्हे, तर त्यातली चूक इंजिन सुरू झाल्यावरच कळते म्हणून.

टायमिंग बेल्ट काय करतो?

पिस्टनच्या हालचालीने क्रँकशाफ्ट फिरतो, तर कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक, हे गणित राखणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. ३,००० आरपीएमला कॅमशाफ्ट सेकंदाला २५ वेळा फिरतो. जवळपास सर्व डिझेल आणि अनेक पेट्रोल इंजिनांत पट्टा तुटला किंवा काही दात सरकला, तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावे लागते आणि खर्च पट्ट्याच्या कितीतरी पट होतो.

प्रत्येक कारमध्ये तो असतो का?

नाही. अल्टो ८००, जुनी सँट्रो, डस्टर डिझेल यांत पट्टा आहे, १.३ लिटर डिझेलच्या स्विफ्टमध्ये चेन. त्यामुळे आधी मॅन्युअल उघडा. बदलण्याची मुदत किलोमीटर आणि वर्षे अशी दोन्हींत दिलेली असेल, तर जी आधी भरेल ती धरायची. गाडी उभी असली तरी रबराचे वय वाढतेच.

घरी काम कुठे अडते?

खुणा जुळवून जुना पट्टा काढणे आणि नवा चढवणे जमू शकते. खरा प्रश्न ताणाचा, म्हणजेच टेन्शनरचा. पट्टा सैल राहिला तर दात सुटतो. जास्त ताणला तर घरघर येते आणि टेन्शनर व वॉटर पंपाच्या बेअरिंगवर भार पडतो. काही इंजिनांत स्प्रिंग ताण देते. काहींत टेन्शनर फिरवून त्याचा काटा खाचेसमोर आणावा लागतो, तोही इंजिन थंड असताना. मग नट ठरलेल्या टॉर्कलाच आवळायचा. ‘बोटाने दाबून अंदाज घेतला’ हे इथे चालत नाही.

त्यानंतर स्पॅनरने क्रँकशाफ्ट हाताने, इंजिनच्या नेहमीच्या दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि खुणा व काटा पुन्हा पाहायचा. मध्येच घट्ट अडकले तर जोर लावायचा नाही. पिस्टन व्हॉल्व्हला टेकला असण्याची शक्यता असते. ही तपासणी न करता थेट स्टार्टर मारणे हा जुगार आहे.

मग करावे काय?

तुमच्याच इंजिनचे सर्व्हिस मॅन्युअल, टॉर्क रेंच, लागणारी लॉकिंग टूल्स आणि मोकळा दिवस, या चारही गोष्टी असतील तर जरूर करा. एकही कमी असेल तर गॅरेज गाठा. दुसऱ्या मॉडेलचा व्हिडीओ मॅन्युअलची जागा घेऊ शकत नाही.

पण गॅरेजला गाडी देणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. टेन्शनर आणि आयडलर नवे टाकले का? वॉटर पंप याच पट्ट्यावर चालत असेल, तर तो बदलला का? ऑइल किंवा कूलंटची गळती पाहिली का? दोन फेरे फिरवून खुणा तपासल्या का? हे विचारा आणि बिलावर तारीख व किलोमीटर लिहून घ्या.

सेकंड हँड कार घेणाऱ्यांसाठी हा कागद सर्वांत मोलाचा. आपल्याकडे ‘गाडी कमी चालली आहे’ यावर सौदा होतो. पट्टा कधी बदलला, हे क्वचितच विचारले जाते. नोंद नसेल तर पट्टा बदललेलाच नाही असे समजा आणि तो खर्च किमतीतून आधीच वजा करा.