जंतूचे गाव कोणते?



गेल्या पावसाळ्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक शेतकरी आजोबा माझ्या दवाखान्यात आले. तीन दिवस जुलाब, जीभ कोरडी, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी. सोबत आलेल्या मुलाने निर्णय आधीच घेतलेला होता. "डॉक्टर, हे सगळं गोठ्यातून आलंय. येत्या बाजारात गाय विकून टाकतो." आजोबा काही बोलले नाहीत, त्यांनी मान खाली घातली. पत्नीच्या पश्चात त्यांची सकाळ आणि संध्याकाळ त्या एका गाईभोवतीच जाते, हे मला ठाऊक होते. त्यामुळे प्रश्न केवळ जुलाबाचा नव्हता. जनावराच्या आतड्यातील जंतू माणसाला बाधतो का, आणि बाधलाच तर तो जनावराचाच होता हे कसे ओळखावे?

ई. कोलाय या जंतूचे उदाहरण घेऊ. १८८५ साली थिओडोर एशेरिश या वैद्याने तान्ह्या बालकांच्या विष्ठेत तो प्रथम पाहिला. आपल्या आतड्यात तो बहुधा निरुपद्रवीपणे नांदतो; गाईच्या आणि कोंबडीच्या आतड्यातही नांदतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे सारे एकसारखेच दिसतात. फरक असतो तो त्यांच्या जनुकांत, आणि एकेका जंतूत अशी चार-पाच हजार जनुके असतात. एवढ्या पसाऱ्यातून नेमका भेद शोधणे मानवी नजरेला अशक्यप्राय आहे.

येथेच मशीन लर्निंग, म्हणजेच यंत्रशिक्षण, उपयोगी पडते. बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण म्हणतो. आयुष्यभर एस.टी.त वाहकाची नोकरी केलेला माणूस प्रवाशाची दोन वाक्ये ऐकून हा वऱ्हाडचा की कोकणातला, हे सांगू शकतो. त्याने व्याकरण शिकलेले नसते. हजारो बोलणी कानांवरून गेलेली असतात. संगणकालाही तसेच शिकवतात. हा जंतू गाईचा, हा डुकराचा, हा माणसाचा, अशी आधीच ठाऊक असलेली शेकडो उदाहरणे त्यांच्या जनुकांसह त्याच्यापुढे ठेवतात. कोणत्या जनुकांचा मेळ कोणत्या आतड्यात वारंवार आढळतो, हे तो टिपून घेतो आणि मग अनोळखी जंतूचे गाव सांगू लागतो.

या विद्येची निकड स्कॉटलंडसारख्या देशात विशेष आहे. ओ-१५७ नावाचा ई. कोलायचा प्रकार गुरांच्या आतड्यात त्यांना त्रास न देता राहतो. माणसाच्या पोटात गेला तर मात्र रक्ताचे जुलाब होतात आणि काहींची मूत्रपिंडे निकामी होतात. लहान मुले आणि वृद्ध यांना त्याचा धोका सर्वाधिक. १९९६ च्या नोव्हेंबरात तेथील विशॉ गावात दूषित मांसातून त्याची साथ पसरली. चर्चच्या सभागृहात एकत्र जेवलेले ज्येष्ठ नागरिक तीत सापडले. मृतांची संख्या वीसच्या आसपास गेली आणि ती बहुतेक वयोवृद्ध माणसे होती.

पुढे एडिंबरोच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी गुरांमध्ये आणि रुग्णांमध्ये सापडलेल्या ओ-१५७ जंतूंची जनुके संगणकाला शिकवली. २०१६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की गुरांतील या जंतूंपैकी १० टक्क्यांहून कमी जंतूंमध्येच माणसाला आजारी पाडण्याची क्षमता दिसते. म्हणजे सगळा गोठा दोषी नसतो. त्यातील थोडे जंतू दोषी असतात.

ही विद्या अचूक आहे, असे मात्र समजू नये. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अभ्यासात सॅल्मोनेला जंतूचा प्राणिस्रोत संगणकाने ८३ टक्के वेळा बरोबर ओळखला आणि जुन्या ८ मोठ्या साथींपैकी ७ साथींचा उगम बिनचूक सांगितला. उरलेल्या चुकांचे एक कारण आपल्याला समजण्याजोगे आहे: गावोगाव फिरलेल्या माणसाची बोली जशी मिश्र होते, तसे काही जंतू अनेक प्राण्यांत वावरलेले असतात. उलट, विषमज्वराचा जंतू केवळ माणसातच राहतो. घरात कोणाला टायफॉइड झाला, तर गाईकडे बोट दाखवू नये. दूषित पाणी आणि अस्वच्छ हात यांचा शोध घ्यावा.

आता आजोबांकडे वळू. चौकशी करता कळले, की ते रोज पेलाभर धारोष्ण दूध पितात. मी मुलाला म्हटले, "गाय दोषी आहे असे मी म्हणू शकत नाही, आणि निर्दोष आहे असेही नाही. तसली तपासणी साथीचा माग काढण्यासाठी असते. आपल्या उपचारासाठी तिची गरज नाही. जंतू गाईचा असो वा माणसाचा, त्याची वाट तोंडातूनच जाते. ती वाट बंद करा, गाय विकू नका."

ही वाट बंद करणे आपल्याही हाती आहे. दूध उकळूनच प्यावे. धारोष्ण दुधाचा मोह वृद्धांनी आणि बालकांनी टाळावा. गोठ्यातून आल्यावर आणि शौचानंतर साबणाने हात धुवावेत. कच्च्या मांसाची सुरी व पाट वेगळे ठेवावेत.

वृद्धांची काळजी घेणाऱ्यांनी आणखी काही लक्षात ठेवावे. उतारवयात तहान कमी लागते, म्हणून जुलाब सुरू होताच मागण्याची वाट न पाहता जलसंजीवनी थोडी थोडी पाजत राहावी. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर तिचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर तेही त्याच दिवशी सांगावे. शौचात रक्त दिसल्यास जुलाब थांबवणारी गोळी किंवा उरलेली अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने देऊ नये. लघवी कमी झाली, ग्लानी आली किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर रात्र आहे म्हणून थांबू नये.

पंधरा दिवसांनी आजोबा स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आले. गाय गोठ्यातच आहे. उकळलेल्या दुधाला ती चव नाही, अशी त्यांची तक्रार होती. ती मी शांतपणे ऐकून घेतली आणि दूध उकळूनच प्या, असे पुन्हा एकदा सांगितले.