८८ वादकांसमोर एक बसलेला आवाज

१४ डिसेंबर १९८६ रोजी सिडनीत एल्टन जॉन यांनी मेलबर्न सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या साथीने गायलेल्या मैफलीचे चित्रमुद्रण आम्ही अलीकडेच पाहिले. उत्तरार्धात मोझार्टचा वेष आणि पांढरा टोप धारण करून पियानोपुढे बसलेली ती मूर्ती पाहून प्रथम आम्हांस हसूच आले; संगीत नाटकातला राजपार्ट आठवला! गाणे सुरू होताच हसू मावळले. १९७० पासून जग जिंकलेला तो आवाज पार बसला होता, वरच्या स्वरांवर चिरफाळत होता.

८८ वादकांचा ताफा हे वैगुण्य झाकून टाकील, अशी आमची अटकळ. घडले उलटेच. आपला तबलजी वा पेटीवाला गवयाचा दम ओळखून थबकतो, जागा भरून काढतो. येथे प्रत्येकाचे स्वर कागदावर बांधलेले. चालू गाण्यात एवढ्या जणांना वळविणे संचालकालाही अवघड. गायकानेच त्या लाटेवर टिकावे. एल्टन टिकले, स्वर लागेना तेथे नुसत्या शब्दाच्या जोरावर.

जानेवारी १९८७ मध्ये त्यांच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली. गळा बचावला, पण पुढे तो खालच्या पट्टीत स्थिरावला, आणि तरुणपणीचा तो उंच, कोवळा स्वर पुन्हा कोणास ऐकू आला नाही.