संगणकाचा कोपरा : खोकं स्वस्त, आतलं महाग



मागच्या अंकानंतर चार-पाच घरांतून एकच प्रश्न आला. "आमचा पीसी विंडोज ११ घेत नाही. आता नवा आणावा, पार्ट आणून जोडावा, की आहे तोच चालवावा? आणि हो, खर्च कमीत कमी हवा!" शेवटचं वाक्य सगळ्यांचं अगदी सारखं. मराठी माणूस पार्ल्यात राहिला काय नि पापाकुरात आला काय, "जरा कमी करा ना" काही सुटत नाही!

उत्तर देण्याआधी एक प्रसंग सांगतो.

गेल्या हिवाळ्यात इथल्याच एका काकूंचा फोन आला. "अरे, गॅरेज रिकामं करतेय. ह्यांचा जुना कॉम्प्युटर आहे. पार्ट लागत असतील तर घेऊन जा, नाहीतर टाकूनच देणार आहे." काकांना जाऊन तीन वर्षं झाली होती. पीसी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जोडून घेतलेला आणि १९९९ साली सामानातून इथे आणलेला. भारतात नि इथे वीज २३० व्होल्टचीच, त्यामुळे फक्त प्लग बदलून तो पुढे कित्येक वर्षं चालला. मग नवा लॅपटॉप आला आणि हा गॅरेजमध्ये गेला.

मी कॅबिनेट उघडलं. आत रुंद पट्टीची केबल, म्हणजे जुनी आयडीई हार्ड डिस्क. असा पीसी थेट सुरू करायचा नसतो. डिस्क बाहेर काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडली आणि फाईली उतरवायला घेतल्या. डिस्क 'टक् टक्' करत होती. हा आवाज म्हणजे तिचा शेवटचा निरोप समजा. 'पत्रे' नावाचा फोल्डर आला, ४३ फाईली. विंडोजचा 'फॉन्ट्स' फोल्डर आला. 'आठवणी' नावाचा फोल्डर अर्ध्यावर असताना डिस्क गप्प झाली, ती कायमची.

आलेल्या फाईली उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी. काकू म्हणाल्या, "खराब झालंय का रे सगळं?" नाही, खराब झालेलं नव्हतं. त्या काळी श्री-लिपी, आकृती, कृतीदेव, शिवाजी असे मराठी फॉन्ट असत. त्यात इंग्रजी अक्षराच्या जागीच मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असे. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर खिचडी. त्याच डिस्कवरून उतरवलेला फॉन्ट माझ्या संगणकावर बसवला आणि पानभर मराठी उमटलं. काकांनी रत्नागिरीला आपल्या आईला लिहिलेली पत्रं होती ती. टाईप करून, छापून पोस्टाने पाठवलेली. काकू तिथेच खुर्ची ओढून वाचायला बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मला वाटायचं, हे रात्री ऑफिसचं काम करतात."

मंडळी, त्या डब्याला भंगारात कोणी पाच डॉलर दिले नसते. तात्पर्य, खोकं स्वस्त असतं, आतलं महाग असतं. म्हणून खर्चाचा क्रम आतून बाहेर लावायचा. आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

१. पहिला खर्च नकलेचा. नवा पीसी घेण्याआधी बाहेरची एक डिस्क घ्या आणि फोटो, पत्रं, कागदपत्रं तिच्यावर उतरवा. दुसरी नक्कल घराबाहेर हवी, मग ती इंटरनेटवर ठेवा किंवा मुलीच्या घरी. नक्कल झाली की डिस्कची वायर काढून ठेवा. सतत जोडलेली डिस्क व्हायरस आला तर पीसीबरोबरच जाते.

२. आहे तोच चालेल का? विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी जी वाढीव सुरक्षा योजना आहे, तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारण २०१८ च्या पुढचा प्रोसेसर लागतो (इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडी रायझन २०००). पुष्कळदा टीपीएम असतं, पण बायोसमध्ये बंद असतं. आधी ते पाहा, मग पीसीला दोष द्या! प्रोसेसरच जुना असेल तर लिनक्स मिंट फुकट मिळतं. बँकेचं काम, ईमेल, यूट्यूबवरची नाटकं आणि मराठी टायपिंग सगळं त्यावर होतं.

पीसी कासवासारखा चालत असेल तर जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवा. कमी पैशात एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. रॅम ८ जीबी तरी हवी, १६ असेल तर उत्तम.

३. घ्यायचाच असेल तर एक्स-लीज. इथली ऑफिसं संगणक भाड्याने घेतात आणि तीन-चार वर्षांनी परत करतात. ते तपासून, पुसून पुन्हा विकले जातात. विंडोज ११ चालणारा असाच घ्या. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटर्सच्या मागणीमुळे रॅमचे भाव चढले. अशा वेळी रॅम आधीच आत असलेला पीसी शहाणपणाचा ठरतो. शक्यतो दुकानदाराकडूनच घ्या. १९९३ चा कन्झ्युमर गॅरंटीज कायदा व्यापाऱ्याने विकलेल्या जुन्या मालालाही लागू असतो. शेजाऱ्याकडून खासगी घेतलात तर तो लागू होत नाही.

४. स्वतःच जोडायचा असेल तर अवश्य जोडा. मुलांना बरोबर घ्या, एका शनिवारचं काम आहे. फक्त दोन म्हणी लक्षात ठेवा.

पहिली, 'चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला'. गेम खेळायचे नसतील तर वेगळं ग्राफिक्स कार्ड नकोच. आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, हे दुकानात विसरू नका.

दुसरी, 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा'. रंगीत दिव्यांचं कॅबिनेट आणि आत फुटकळ पॉवर सप्लाय, असं करू नका. पॉवर सप्लाय चांगल्या कंपनीचा घ्या. साध्या घरगुती पीसीला ४५० वॉट पुरतात. तो बिघडला तर जाताना बाकीच्यांनाही घेऊन जातो. आणि तो कधीही उघडू नका, वायर काढल्यावरही आत विजेचा साठा राहतो.

मदरबोर्ड डीडीआर४ चा की डीडीआर५ चा हे पाहूनच रॅम घ्या. दोघींची खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका! काम करताना मधूनमधून कॅबिनेटच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. स्वस्त दिसतं म्हणून परदेशातून पार्ट मागवणार असाल, तर १ डिसेंबर २०१९ पासून १००० डॉलरपर्यंतच्या मालावरही १५ टक्के जीएसटी लागतो, तो हिशेबात धरा.

५. नेहमीची दुखणी, घरचे उपाय. पीसी सुरू होतो पण पडदा काळा? बंद करून वायर काढा, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलकेच पुसा आणि परत बसवा. लॅमिंग्टन रोडचं हे औषध अजून लागू पडतं.

दर वेळी तारीख चुकते आणि वेबसाईट 'असुरक्षित' म्हणतात? मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. सुपरमार्केटमध्ये मिळतो.

अचानक बंद पडतो, पंखा विमानासारखा वाजतो? आत धूळ आहे. पंखा बोटाने धरून हवेच्या डब्याने साफ करा. आणि पीसी गॅरेजमध्ये ठेवू नका. इथल्या हिवाळ्यातली दमट हवा त्याला मानवत नाही.

पडद्यावर "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं आलं? तो नंबर चोराचा. फोन करू नका, पीसी बंद करून पुन्हा सुरू करा. तिकडचा माणूस गोड हिंदीत बोलला म्हणून तो आपला होत नाही.

आणि शेवटचं, आपलं खास मराठी दुखणं. घरात जुना पीसी, सीडी किंवा फ्लॉपी असेल तर आधी त्यातल्या मराठी फाईली आणि त्यांचे फॉन्ट, दोन्ही उतरवा. मग कन्व्हर्टरने त्या युनिकोडमध्ये आणा, म्हणजे पुढे कुठल्याही संगणकावर वाचता येतील. कन्व्हर्टर जोडाक्षरात चुकतो, म्हणून एकदा डोळ्यांखालून घाला आणि मूळ फाईल जपून ठेवा.

काकूंची ४३ पत्रं आता युनिकोडमध्ये आहेत, तीन ठिकाणी नकला आहेत, आणि ज्यांना मराठी वाचता येत नाही त्या नातवंडांना काकू रविवारी एकेक वाचून दाखवतात. 'आठवणी' मात्र गेल्या. फोन वर्षभर आधी आला असता तर कदाचित त्याही हाती लागल्या असत्या. म्हणून म्हणतो, हा अंक खाली ठेवलात की आधी गॅरेजमध्ये जाऊन या.

पुढच्या अंकात फोनवरचे फोटो संगणकावर कसे लावून ठेवायचे ते पाहू. तोवर प्रश्न पाठवत राहा. लोभ आहेच, तो वाढावा.