धक्का मारणाऱ्यांनो, हात आवरा!

आजारी माणूस आणि बंद गाडी यांच्याभोवती जमणारी माणसे एकाच कुळीची असतात. आजाऱ्याला ती काढा सुचवतात आणि गाडीला धक्का. काढ्याने माणूस बहुधा वाचतो. धक्क्याने गाडी वाचेलच असे नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगणात मास्तरांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी १४ पावसाळे उभी आहे. परवा कमिटीची नोटीस लागली : महिनाअखेर गाडी हलवा, नाहीतर भंगारात काढू. मास्तरांचे वय ८१. 'भंगार' हा शब्द त्यांनी स्वतःलाच लावून घेतला आणि दोन दिवस जेवले नाहीत. लगेच चार तरुण बाह्या सरसावून हजर. "मास्तर, जीपला दोर बांधू, टॉप गिअर टाकू, क्लच सोडू. गाडीचा बाप चालू होईल!"

गाडीच्या बापाचे मला ठाऊक नाही. कनेक्टिंग रॉड मात्र वाकेल.

अहो, इंजिन जाम होते म्हणजे काय होते? गाडी उभी राहते तेव्हा कुठल्या ना कुठल्या सिलिंडरची झडप उघडी असते. तिथून पावसाळी हवा आत शिरते. तेलाचा थर केव्हाच ओघळून गेलेला असतो. मग बिडाच्या सिलिंडरला पिस्टनच्या रिंगा गंजाने चिकटतात. १४ वर्षांचा हा संसार तुम्ही एका हिसक्यात मोडायला निघता? रिंग तुटते, पिस्टनची खाच फुटते, झडपा अडकलेल्या असल्या तर पुशरॉडही वाकतात. काही शहाणे नवी बॅटरी लावून स्टार्टर मारत बसतात. त्यांना फ्लायव्हीलचे दात हातात मिळतात.

मी पडलो बँकेतला कारकून. आमच्याकडे दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय होते, दहा वर्षांनी शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरीही खातेदार उगवला तर आम्ही त्याला बाहेर काढत नाही की काउंटरवर डोके आपटत नाही. कागद पाहतो, सही जुळवतो आणि 'उद्या या' म्हणतो. या दोन शब्दांपायी आम्ही आयुष्यभर शिव्या खाल्ल्या. जाम इंजिनाला नेमके तेच दोन शब्द लागतात.

चारही प्लग काढायचे. भोकांतून डिझेल आणि पातळ तेल मिसळून ओतायचे आणि घरी जाऊन भाजी निवडायची. उद्या या. तेल मुरले असेल तर पुन्हा ओतायचे. आठ दिवस, पंधरा दिवस. मग क्रँकच्या पुढच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून जरा पुढे, जरा मागे. जोर नाही, लाडीगोडी. केसभर हलले की थांबायचे, पुन्हा तेल. फिरू लागले तरी प्लग लगेच बसवायचे नाहीत. आत साचलेले तेल दाबले जात नाही, आणि मग पुन्हा तो बिचारा रॉडच वाकतो. खालचे इंजिन ऑइलही बदलायचे, कारण डिझेल झिरपून तिथेच उतरते. एवढे करून ढिम्म राहिलेच, तर मेस्त्रीला बोलवून हेड उघडायचे.

"एवढा वेळ कोणाला आहे?" असे सेक्रेटरीसाहेब विचारतात. गच्चीवरची टाकी रंगवायला यांनी सहा वर्षे घेतली! आणि हे तरुण? मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा काळ्यापिवळ्या टॅक्सीला टेकून फोटो काढून हेच हळहळले होते. हळहळायला वेळ होता. तेल घालायला नाही.

मी कमिटीकडे एक महिन्याची मुदत लेखी मागितली आहे, पोच घेऊन. मास्तर रोज सकाळी पट्टी घेऊन तेलाची पातळी मोजतात आणि वहीत लिहितात. कालपासून चौथ्या सिलिंडरातले तेल उतरू लागले आहे. काल रात्री ते दोन पोळ्या जेवले. दोर अजून जिन्यात पडला आहे. ज्याचा असेल त्याने घेऊन जावा.