नाक वर, पाय खाली!

विहिरीत पोहायला शिकलेला माणूस टँकमध्ये लगेच ओळखू येतो. त्याचं डोकं कायम पाण्यावर! मीही त्यातलाच. धुळ्याकडच्या मळ्यात नानांनी पाठीला डबा बांधून ढकललं, तेव्हा एकच मंत्र दिला होता, 'नाक वर ठेव.'

आता बत्तिशीत खूळ डोक्यात शिरलंय, गोव्यातल्या 'आयर्नमॅन ७०.३'चं. २०१९मध्ये सुरू झालेली ही शर्यत म्हणजे समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, वर २१.१ किलोमीटर धावणं. नुसतं पोहणं म्हणजे २५ मीटरचा टँक इकडून तिकडे ७६ वेळा. आणि जळगावात माझा दम दुसऱ्याच खेपेला संपायचा!

कोच म्हणाले, "भाऊ, डोकं वर गेलं की पाय बुडतात. मग अख्खं अंग ओढत नेतोस तू."

फंडा सोपा आहे. नजर तळाकडे. श्वास पाण्यातच बुडबुडे काढत सोडायचा. घेताना मान उचलायची नाही, अंगासकट कुशीवर वळायचं, एक गॉगल पाण्यातच. पाय हळू मारायचे, पुढे सायकल आहे.

खरं सांगू? अवघड गेलं ते नाक बुडवणं. ती लहानपणची भीती होती. महिन्याभराने न थांबता दहा खेपा झाल्या, तेव्हा नानांना फोन केला.

"गोव्याला जा खुशाल," ते म्हणाले, "पण आपल्या विहिरीत नाक वरच ठेव!"