घडीच्या चाकूचे अर्थशास्त्र

फ्रान्समधील सॅव्हॉय या डोंगराळ प्रदेशात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये घडीचा चाकू घडविला. पोलादी पाते, लाकडी मूठ, खीळ व धातूचे कडे, एवढाच त्याचा संसार. पाते बोटांवर मिटू नये म्हणून १९५५ मध्ये फिरत्या कड्याची भर पडली. बाकी घडण जवळजवळ तीच राहिली. हा स्वस्त चाकू हौशी संग्राहकांनाही मोहवितो, याचे इंगित दुर्मिळतेत नाही. त्यात अनावश्यक काही नाही, आणि बोथटलेल्या पात्याला पुन्हा धार लावता येते. ‘वापरा आणि फेका’ हाच बाजाराचा मंत्र झाला असताना, किमतीआधी वस्तूचे आयुष्य विचारणे अगत्याचे आहे. उत्तम कारागिरी ही श्रीमंतांची चैन नव्हे. बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाची ती खरी बचत होय.